उलट्या धारेची तलवार

गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय मराठी घरांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले जपानी चित्रकथा वाचण्यात तासन्‌तास गढून गेलेली असतात. 'मांगा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, पात्रांची नावे आपल्या जिभेला सहजी वळत नाहीत आणि डोळे चेहऱ्याच्या मानाने फारच मोठे काढलेले असतात. वडीलधाऱ्यांची प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते. 'अभ्यास सोडून ही चित्रे कसली पाहता?' हा एक सूर आणि 'आपल्याकडे शिवचरित्र असताना परक्यांच्या लढाया कशाला?' हा दुसरा. दोन्ही सुरांमागची काळजी खरी आहे. परंतु ज्या गोष्टीवर मत द्यायचे, ती आधी समजून घ्यावी, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. प्रस्तुत लेखकाने घरातील पुतणीच्या आग्रहावरून अशी एक चित्रकथा अथपासून इतिपर्यंत वाचली. वाचून झाल्यावर पुतणीला करायचा उपदेश बाजूलाच राहिला आणि राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्यांनी स्वतःलाच विचारावेत असे काही प्रश्न समोर उभे राहिले. त्यांचा ऊहापोह करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

'रुरौनी केन्शिन' हे त्या चित्रकथेचे नाव. 'रुरौनी' म्हणजे घरदार व धनी नसलेला, भटका सामुराई. हा शब्द कथाकाराने स्वतः घडवलेला आहे. नोबुहिरो वात्सुकी यांची ही कथा १९९४ ते १९९९ या काळात 'शोनेन जम्प' या किशोरांसाठीच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे २८ खंडांत ग्रंथरूप झाली. कथा चालू असतानाच, १९९५ च्या सुमारास, या साप्ताहिकाचा खप ६५ लाखांवर गेला होता. आज आपल्या मुलांच्या तोंडी असलेल्या 'वन पीस'चा कर्ता एइइचिरो ओदा हा याच कथेच्या निर्मितीत साहाय्यक म्हणून काम करत होता. कथेच्या खंडांच्या सात कोटींहून अधिक प्रती खपल्या, २०१२ पासून तिच्यावर चित्रपट निघाले आणि २०२३ मध्ये तिची नवी चित्रमालिकाही आली. एखाद्या राष्ट्राची किशोरवयीन पिढी आपल्या इतिहासातील सर्वांत खळबळजनक कालखंडाची कथा इतक्या आवडीने वाचते, एवढ्यावरूनही ती दखल घेण्याजोगी ठरते.

काळ कोणता?

कथा समजण्यासाठी तिचा काळ ध्यानात घ्यावा लागेल. १८५३ मध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी चार युद्धनौका घेऊन जपानच्या किनाऱ्यावर आला. दोनशेहून अधिक वर्षे तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी देशाची दारे जवळजवळ बंद ठेवली होती. तोफांच्या धाकाने ती उघडावी लागली. १८५८ मध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांशी जे तह झाले, त्यांत परकीयांवर जपानी न्यायालयांचा अधिकार चालणार नव्हता आणि आपल्याच बंदरांतील जकातीचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य जपानला उरले नव्हते. त्याच १८५८ मध्ये हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून ब्रिटिश राणीकडे गेला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

सम्राटाचा मान राखा आणि परकीयांना हाकला, अशा अर्थाची 'सोन्नो जोइ' ही घोषणा तरुण सामुराईंच्या तोंडी झाली. हागी या गावी एका लहानशा पाठशाळेत योशिदा शोइन हा शिक्षक मुलांना देशकार्याची दीक्षा देत होता. १८५९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षात, शोगुनच्या राजवटीने त्याचा शिरच्छेद केला. त्याच्या शिष्यांपैकी ताकासुगी शिन्साकू याने १८६३ मध्ये 'किहेइताई' ही पलटण उभारली आणि तीत सामुराईंच्या बरोबरीने शेतकरी व सामान्य लोकही घेतले. दुसरा एक शिष्य, इतो हिरोबुमी, पुढे जपानचा पहिला पंतप्रधान झाला. १८६६ मध्ये साकामोतो र्योमा याच्या मध्यस्थीने चोशू आणि सात्सुमा हे परस्परांचे वैरी प्रांत एकत्र आले. १८६७ च्या अखेरीस र्योमाची क्योतोमध्ये हत्या झाली. आणि १८६८ च्या जानेवारीत सम्राटाच्या नावाने नवे शासन स्थापन झाले. त्यानंतरही दीड वर्ष यादवी युद्ध चालले. यालाच जगाचा इतिहास मेइजी क्रांती म्हणून ओळखतो.

या क्रांतीचा हिंदुस्थानी मनावर मोठा प्रभाव पडला. शिकागोला जाताना १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांनी जपान पाहिला आणि आपल्या तरुणांनी दरवर्षी तेथे जाऊन यावे, अशी इच्छा योकोहामाहून लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली. १९०५ मध्ये जपानने रशियाला नमवले तेव्हा आशियातील परतंत्र राष्ट्रांना हुरूप आला. आपल्या बौद्धिक वर्गांतूनही जपानचे उदाहरण आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. पण ते नेहमी विजयाचे उदाहरण असते. विजयानंतरच्या सकाळी काय झाले, हे आपण सांगत नाही. वात्सुकींची कथा नेमकी त्या सकाळी सुरू होते.

विजेत्याचे प्रायश्चित्त

कथेचा काळ १८७८ सालचा, म्हणजे क्रांतीनंतर दहा वर्षांनी. स्थळ, एदोचे तोक्यो झालेले शहर. कथानायक केन्शिन हा क्रांतिपक्षाचा गुप्त मारेकरी होता. चौदाव्या वर्षी तो किहेइताईत गेला, तेथून त्याला क्योतोच्या रात्रींत माणसे मारण्यासाठी निवडण्यात आले. ज्यांना मारले त्यांच्याशी त्याचे वैर नव्हते. दुर्बलांना सुखाने जगता येईल असे युग आणायचे, एवढ्यासाठी त्याने तलवार चालवली. ते युग आले, तेव्हा त्याने पद घेतले नाही, निवृत्तिवेतन घेतले नाही. पुन्हा कोणाचा जीव घ्यायचा नाही, अशी प्रतिज्ञा करून तो देशभर भटकत राहिला.

त्याच्या कमरेला तलवार आहे, पण ती उलट्या धारेची. पात्याच्या ज्या बाजूने वार होतो तेथे धार नाही. धार त्याच्या स्वतःच्या बाजूला आहे. शत्रूवर वार केला तर हाड मोडेल, मान तुटणार नाही. मात्र तलवार उलटी धरण्याचा मोह झाला, तर ती कोणत्याही तलवारीसारखीच प्राणघातक. म्हणजे प्रतिज्ञा पाळणे हे शस्त्रावर सोपवलेले नाही, ते प्रत्येक क्षणी हातावर आणि मनावर अवलंबून आहे. येथे दुर्बलाच्या अहिंसेची भलामण नाही. केन्शिन कथेतील बहुतेकांपेक्षा बलवान आहे. आणि शस्त्राविषयी खोटी भाबडी भाषाही नाही. कथेच्या आरंभीच तो स्पष्ट सांगतो की, तलवार हे मारण्याचे साधन आहे, कोणी कितीही सुंदर शब्द वापरले तरी सत्य तेच. मात्र तलवार माणसाला जगवण्यासाठी असावी, असे मानणाऱ्या मुलीचे भाबडे म्हणणेच आपल्याला अधिक आवडते.

या पात्रामागे एक खरा माणूस आहे, असे वात्सुकींनी स्वतः नमूद केले आहे. कावाकामी गेन्साइ हा हिगो प्रांताचा मारेकरी. १८६४ मध्ये साकुमा शोझान या विद्वानाची त्याने भर दिवसा हत्या केली, कारण शोझान पाश्चात्त्य विद्येचा पुरस्कर्ता होता. क्रांती झाल्यावर नव्या शासनाने परकीयांना हाकलण्याची भाषा सोडून त्यांच्याकडूनच विद्या घेण्याचे धोरण स्वीकारले. गेन्साइने मात्र जुनी घोषणा सोडली नाही. अखेर ज्या शासनासाठी त्याने तलवार उचलली होती, त्यानेच १८७२ च्या आरंभी त्याला देहदंड दिला. ज्याने शोझानला मारले त्याला, शोझानची वाट चालणाऱ्या राज्याने मारले. हा इतिहास आहे. त्यातला माणूस जर शस्त्र खाली ठेवून जगला असता तर, हा प्रश्न चित्रकथेने विचारला.

केन्शिनच्या गालावर फुलीच्या आकाराचा व्रण आहे. त्याची हकिकत कथेत बऱ्याच पुढे उलगडते. त्यातील एक ओरखडा आहे एका सामान्य तरुणाचा, ज्याचे लग्न ठरलेले होते आणि ज्याला केन्शिनने रात्री रस्त्यावर मारले. दुसरा त्याच तरुणाच्या वाग्दत्त वधूचा, जी सूड घेण्यासाठी केन्शिनच्या जवळ आली, त्याची पत्नी झाली आणि त्याच्याच तलवारीखाली चुकून मरण पावली. ध्येय निर्मळ असले म्हणजे हात आपोआप निर्मळ राहतात, ही समजूत किशोरवयातच दूर व्हायला हवी. हे काम ही कथा उपदेश न करता करते.

क्रांतीने न फेडलेली ऋणे

आपल्या दृष्टीने कथेचा सर्वांत विचारणीय भाग तिच्यातील दुय्यम पात्रांचा आहे. सानोसुके हा मुष्टियुद्ध करणारा दांडगा तरुण पाठीवर 'दुष्ट' या अर्थाचे अक्षर मिरवत हिंडतो. लहानपणी तो सेकिहोताई या दलात होता. हे दल ऐतिहासिक आहे. १८६८ च्या आरंभी सागारा सोझो याच्या नेतृत्वाखाली ते शाही सेनेच्या पुढे गावोगाव गेले आणि नवे शासन शेतसारा निम्मा करील, असे सांगत लोकांना क्रांतिपक्षाकडे वळवत राहिले. या आश्वासनाला शासनाची संमती होती. पुढे तिजोरीत पैसा नाही हे ध्यानात आल्यावर आश्वासन अडचणीचे झाले. ते मागे घेण्याऐवजी, दलच खोटे होते, असे जाहीर करण्यात आले. मार्च १८६८ मध्ये सोझो आणि त्याच्या सहकाऱ्यांना शिमोसुवा येथे ठार करण्यात आले. त्याला मरणोत्तर सन्मान मिळाला तो १९२८ मध्ये, साठ वर्षांनी. कथेतील मुलाने आपल्या नेत्यावर मारलेला शिक्का साठ वर्षे थांबण्याऐवजी स्वतःच्या पाठीवर घेतला.

दुसरे पात्र आंजी या भिक्षूचे. १८६८ मध्ये नव्या शासनाने शिंतो देवस्थाने आणि बौद्ध मंदिरे वेगळी करण्याचे आदेश काढले. हजार वर्षांहून अधिक काळ जपानी माणूस दोन्ही ठिकाणी त्याच श्रद्धेने हात जोडत आला होता. कित्येक ठिकाणी देव आणि बुद्ध एकाच अंगणात नांदत होते. आदेश वेगळे करण्याचा होता, पण त्याच्या आडून बौद्ध मंदिरांच्या विध्वंसाची लाट उसळली. मूर्ती फोडल्या गेल्या, घंटा वितळवल्या गेल्या, भिक्षूंना वस्त्रे उतरवावी लागली. सात्सुमा प्रांतात तर जवळजवळ सर्व मंदिरे बंद पाडण्यात आली. नारा येथील कोफुकुजीसारखा प्राचीन मठ ओस पडला. एनोशिमा बेटावरील बेंझाइतेन ही देवी म्हणजे आपली सरस्वती, भारतातून बौद्ध मार्गाने तेथवर गेलेली. तेथील देवस्थानही शिंतो ठरवण्यात आले. कथेतील आंजी एका लहान मंदिरात अनाथ मुले सांभाळत असतो. या लाटेत त्या मंदिराला आग लावली जाते, मुले जळून मरतात, आणि करुणेचा उपासक असलेला भिक्षू सूडाने पेटून राज्यद्रोह्यांच्या कटात सामील होतो.

हा विध्वंस कोणा परकीय आक्रमकाने केला नव्हता, हे येथे विसरून चालणार नाही. आपले ते शुद्ध करण्याच्या आवेशात, राष्ट्राभिमान्यांनीच तो केला. आक्रमकांनी फोडलेल्या मंदिरांचा इतिहास आपण मांडतो आणि तो मांडलाच पाहिजे. परंतु एखाद्या समाजाच्या श्रद्धांचे एकत्र विणलेले वस्त्र 'हे आपले, ते उपरे' असे म्हणत उसवू लागले की आपल्याच घराची भिंत कशी पडते, याचाही धडा या प्रकरणात आहे. विविध उपासना आपल्या मातीत नांदतात, ही आपली श्रद्धा असेल, तर हा धडा आपल्याला जड वाटू नये.

तिसरे पात्र म्हणजे कथेतील प्रमुख खलनायक, शिशिओ माकोतो. केन्शिननंतर गुप्त मारेकऱ्याचे काम ज्याच्याकडे आले तो हा. त्याला नव्या राज्याची काळी गुपिते ठाऊक असल्याने, विजय होताच आपल्याच लोकांनी त्याच्यावर हल्ला करून त्याला जाळले. तो जगला. सर्वांगाला पट्ट्या गुंडाळलेला हा माणूस आता राज्य उलथवू पाहतो आणि त्याचे तत्त्व एकच: बलवानाने जगावे, दुर्बल हा त्याचा आहार. त्याला थांबवण्यासाठी गृहमंत्री ओकुबो तोशिमिची स्वतः केन्शिनच्या दारी येतो आणि उत्तरासाठी १४ मे हा दिवस ठरवतो. त्या दिवशी, १४ मे १८७८ रोजी, प्रत्यक्ष इतिहासातही ओकुबोचा तोक्योत किओइझाका येथे असंतुष्ट सामुराईंनी वध केला. कथाकाराने त्या सत्य घटनेच्या काही क्षण आधी आपले काल्पनिक पात्र घुसवले आहे. इतिहास न मोडता कथा कशी बेतावी, याचा तो वस्तुपाठ आहे.

शक्तीची उपासना हा आपल्या कार्याचा पाया आहे. म्हणूनच शिशिओचे प्रकरण आपण इतरांहून अधिक लक्षपूर्वक वाचावे. केन्शिन आणि शिशिओ यांचे बळ सारखे, भूतकाळही सारखा. भेद आहे तो बळ कोणासाठी, या एकाच प्रश्नाचा. शिशिओचे तत्त्व अंगीकारणाऱ्या जपानला १९४५ मध्ये कोणती किंमत मोजावी लागली, हे जपानी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

पराभूतांसाठी जागा

सामुराईंचे पुढे काय झाले? १८७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली आणि शेतकऱ्याचा मुलगाही सैनिक झाला. १८७६ च्या मार्चमध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली. त्याच वर्षी सामुराईंचे वंशपरंपरागत वेतन बंद होऊन त्याऐवजी रोखे हाती पडले. लक्षावधी कुटुंबांचा मान आणि भाकर एकाच वर्षात गेली. १८७७ मध्ये क्रांतीचा एक प्रमुख नेता साइगो ताकामोरी याच शासनाविरुद्ध लढताना मरण पावला.

या सर्व पराभूतांचे जपानने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. साइगोला १८८९ मध्ये राज्यघटनेच्या घोषणेबरोबर क्षमा मिळाली आणि १८९८ मध्ये तोक्योच्या उएनो उद्यानात त्याचा पुतळा उभा राहिला. शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या शिन्सेनगुमी दलातील तिसऱ्या तुकडीचा प्रमुख साइतो हाजिमे नाव बदलून तोक्योच्या पोलिसदलात गेला, १८७७ च्या युद्धात जुन्या शत्रूंच्या शासनाकडून लढला आणि १९१५ मध्ये वारला. चित्रकथेत हा साइतो केन्शिनच्या खांद्याला खांदा लावून लढतो. दोघे मित्र होत नाहीत, जुने वैर पुसल्याचे नाटकही करत नाहीत. पण दोघांनाही एकमेकांच्या सचोटीची खात्री आहे.

अर्थात सारेच सामावले गेले असे नाही. आइझू प्रांतातील 'ब्याक्कोताई' दलाची सोळा-सतरा वर्षांची मुले १८६८ मध्ये इइमोरी टेकडीवर आत्मघात करून मेली. धूर पाहून आपला किल्ला पडला, असा त्यांचा समज झाला होता. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या यासुकुनी देवस्थानात सम्राटाच्या बाजूने पडलेल्यांना स्थान आहे. आइझूच्या या वीरांना नाही. पण राज्याने दिली नाही ती जागा कथाकारांनी दिली. मिनामोतो तारो यांनी १९७९ मध्ये याच क्रांतीवर चित्रकथा आरंभली, तेव्हा कारणपरंपरा सांगण्यासाठी ते १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईपर्यंत मागे गेले आणि २०२१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तरी कथा पुरी झाली नव्हती. स्वतःच्या इतिहासाला एवढा वेळ देणारा समाज दोन्ही बाजूंच्या माणसांची नावे विसरत नाही.

आपली नावे कोणती?

आता आपल्याकडे वळू. ज्या १८७८ मध्ये ही कथा घडते, त्याच वर्षी लिटनच्या सरकारने हिंदुस्थानात शस्त्रबंदीचा कायदा केला. जपानची शस्त्रबंदी स्वकीय शासनाने सर्व सामुराईंवर सारखी लादली. आपली परकीयांनी लादली आणि गोऱ्या माणसाला तीतून वगळले. शस्त्र खाली ठेवणे आणि शस्त्र हिसकावून घेतले जाणे, यांतील अंतर ते हेच. त्याच सुमारास पुण्यात लष्करी हिशेब खात्यातील एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, बंडाची जुळवाजुळव करत होते. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी उठाव केला, जुलैत ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला.

वासुदेव बळवंतांचे नाव आपण घेतो. त्यांच्यासोबत लढलेल्या रामोश्यांपैकी किती नावे आपल्याला सांगता येतील? चकमकीत पडलेल्या दौलतराव नाईकांचे एक नाव कसेबसे आठवते. त्यांच्याही आधी, १८३२ मध्ये, उमाजी नाईक पुण्यात फाशी गेले. इंग्रजांच्या दप्तरात हे सारे दरोडेखोर. १८७१ च्या कायद्याने तर देशातील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवण्यास सुरुवात झाली. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी पारध्याच्या पालावर चोरीचा पहिला संशय आजही जातो. सानोसुकेच्या पाठीवरचे अक्षर त्याने स्वतः काढून घेतले होते. या मुलांच्या पाठीवर ते आपण वाचतो. यमगरवाडीसारख्या प्रकल्पांतून कार्यकर्त्यांनी ते पुसण्याचे काम चालवले आहे. परंतु शहरातल्या आपल्या सुखवस्तू घरांत ही कथा पोहोचली आहे काय, हा प्रश्न उरतोच.

१९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'ने दोन पिढ्यांना पूर्वजांची ओळख करून दिली, हे ऋण मोठे आहे. पण ती बत्तीस पानांची कथा बहुधा विजयाशी किंवा हौतात्म्याशी थांबे. त्यानंतर काय, हे सांगण्याचे धैर्य आपल्याला अजून व्हायचे आहे. आपल्या पुतण्या-भाच्यांना परकी कथा आवडते, यावर आपण रोष धरतो; पण त्यांच्या वयाला पचेल इतक्या सच्चेपणाने आपली कथा आपण त्यांना सांगितली का? जयजयकार करून मुले घोषणा शिकतात, प्रश्न शिकत नाहीत. जो तरुण प्रश्न विचारून राष्ट्राकडे आला, तोच पुढे टिकतो, हा कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याचा अनुभव आहे.

एक अप्रिय गोष्ट

पालकांपासून एक गोष्ट दडवणे योग्य होणार नाही. कथाकार वात्सुकी यांच्यावर २०१७ मध्ये लहान मुलांच्या अश्लील चित्रफिती बाळगल्याचा गुन्हा दाखल झाला. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांना दोन लाख येनचा दंड झाला आणि काही महिन्यांतच त्यांच्या या कथेचा नवा भाग मासिकातून पुन्हा सुरू झाला. कलाकृती आणि कलावंत वेगळे मानावेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाला ते इतके सोपे वाटत नाही. अशा चित्रफितीमागे कुठेतरी एक खरे मूल असते. शिवाय ज्याने प्रायश्चित्ताची एवढी मोठी कथा रचली, त्याला त्याच कथेचे माप लागू होणारच. दंड भरला म्हणजे ऋण फिटले, असे त्याच्या नायकाने कधीच मानले नसते. प्रकाशकांनी दाखवलेली घाई म्हणूनच अप्रशस्त वाटते.

मग मुलांनी ही कथा वाचावी की नाही? मारामारीची दृश्ये पाहता लहानग्यांच्या हाती ती देऊ नये, हे उघड आहे. जाणत्या मुलांना मात्र ही हकिकत सांगूनच वाचू द्यावी. पुतणीला हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, म्हणजे गोष्ट लिहिणाऱ्यानेच गोष्ट ऐकली नाही." यापुढे तिला काही शिकवण्याची आवश्यकता वाटली नाही.

आपण चरित्रे सांगतो, कथाकथन करतो, पोवाडे गातो. आपल्यातील किती जणांनी ती गोष्ट स्वतः ऐकली, हा प्रश्न तिने नकळत आपल्यालाही विचारला आहे. राष्ट्रीय विचाराचे लोक आज देशात दुबळे राहिलेले नाहीत. दुर्बळ असताना प्रतिज्ञा पाळणे फारसे अवघड नसते. हाती बळ आले की धार कोणत्या बाजूला ठेवायची, हे रोज ठरवावे लागते. ज्यांच्या खांद्यावर उभे राहून आपण येथवर आलो, त्यांची नावे घेणे आणि ज्यांच्यावर खोटा शिक्का बसला आहे, त्यांच्या दारी जाणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. येत्या सुटीत घरातील मुलांकडून त्यांची एखादी चित्रकथा मागून घ्यावी, वाचावी आणि मग दौलतराव नाईकांची गोष्ट त्यांना सांगावी. ती सांगण्याइतकी माहिती आपल्यापाशी नसेल, तर ती शोधण्याचे काम आधी हाती घ्यावे.